वाचकांचे प्रश्न : पिंजऱ्याभोवतीचा धूर आणि सुगंध

उंदीर, हॅमस्टर, गिनीपिग यांसारखे लहान प्राणी पाळणाऱ्या वाचकांची या वेळची बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. घरातला धूर आणि घरातले सुगंध या प्राण्यांना कितपत सोसतात, असे त्यांना विचारायचे आहे. त्यांतील काही प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या बैठकीच्या खोलीत दोन पाळीव उंदरांचा पिंजरा आहे. त्याच खोलीत संध्याकाळी आम्ही अगरबत्ती किंवा सुगंधी मेणबत्ती लावतो. उंदीर नीट खातात, खेळतात आणि त्यांना त्रास होताना दिसत नाही. तरीही हे बंद करायला हवे का?

उत्तर : होय, त्या खोलीत तरी बंद करायलाच हवे. ‘त्रास होताना दिसत नाही’ या निरीक्षणावर विसंबून राहू नका, कारण शिकार होणाऱ्या प्राण्याची जात दुखणे लपवण्यात तरबेज असते आणि लक्षणे आपल्या नजरेस पडेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

उंदीर, हॅमस्टर आणि गिनीपिग जवळजवळ सर्वस्वी नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदले की माणूस तोंड उघडतो, पण यांना ते सहजी जमत नाही, त्यामुळे नाकाच्या अस्तराला आलेली किंचित सूजही त्यांना जड जाते. माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, तर मोठ्या जातीचा पाळीव उंदीर साधारण ७० ते ११५ वेळा घेतो. शरीर लहान आणि चयापचय वेगवान असल्यामुळे वजनाच्या मानाने तो आपल्यापेक्षा कितीतरी अधिक हवा आत ओढतो आणि त्या हवेत जे काही मिसळलेले असेल तेही त्याच प्रमाणात त्याच्या फुप्फुसांत जाते. जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात खाणीत उतरताना उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत नेण्याचा सल्ला दिला होता, तो याच कारणाने. कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम माणसाच्या आधी या प्राण्यांवर दिसतो आणि माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो.

पाळीव उंदरांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू पिल्लूपणापासूनच ठाण मांडून असतो. एरवी तो गप्प असतो, पण श्वसनमार्गाची सतत जळजळ होत राहिली की तो डोके वर काढतो आणि फुप्फुसांचा जुनाट आजार जडतो. हा आजार औषधांनी आटोक्यात ठेवता येतो, मात्र मुळापासून जात नाही. म्हणून उंदीर पाळणाऱ्यांनी धुराबाबत इतरांपेक्षा काकणभर जास्तच दक्ष असावे, असे माझे ठाम मत आहे.

आता धुराविषयी. एका मोजमापानुसार अगरबत्तीचा एक ग्रॅम जळताना ४५ मिलिग्रॅमहून अधिक सूक्ष्म कण हवेत येतात, तर सिगारेटचा एक ग्रॅम जळताना सुमारे १० मिलिग्रॅम. चांगली मेणबत्ती तुलनेने कमी काजळी करते, परंतु वात लांब राहिली किंवा ज्योत वाऱ्याने हलू लागली की काजळी वाढते आणि फुंकर मारून विझवताना वातीतून जी धुराची दाट रेघ निघते तिच्यात न जळलेले मेण आणि सुगंधी द्रव्य दोन्ही असतात. मेणबत्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून भागत नाही, कारण बंद खोलीत हे कण थोड्याच वेळात सगळीकडे सारखे पसरतात. तुमची आवड तुम्हाला जपायची असेल तर ती दुसऱ्या खोलीत, दार लावून आणि खिडकी उघडी ठेवून जपावी. धूर होत असताना आपण उठून बाहेर जाऊ शकतो, पिंजऱ्यातला प्राणी जाऊ शकत नाही, हे ध्यानात ठेवले तर निर्णय अवघड वाटणार नाही.

प्रश्न : हॅमस्टर काचेच्या टाकीत ठेवला आहे. दोनतीन दिवसांत खोलीत उग्र वास येऊ लागतो म्हणून आम्ही प्लगमध्ये लावायचे एअर फ्रेशनर वापरतो. त्याने अपाय होईल का? होत असेल तर वासावर दुसरा उपाय कोणता?

उत्तर : फ्रेशनर आजच काढून टाका. त्याने आधीचा वास जात नाही, फक्त त्यावर दुसऱ्या वासाचा थर चढतो आणि हॅमस्टरला दोन्ही सोसावे लागतात. तुम्हाला येतो तो उग्र वास बहुतांशी अमोनियाचा आहे. लघवीतल्या युरियाचे जिवाणूंकडून विघटन झाले की तो तयार होतो. खोलीत उभ्या असलेल्या माणसाला तो जाणवू लागतो तेव्हा त्याच अंथरुणात नाक खुपसून झोपलेल्या प्राण्यापाशी त्याचे प्रमाण कितीतरी जास्त असते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मायकोप्लाझ्माची लागण असलेल्या उंदरांना दहा लाख भाग हवेत २५ ते २५० भाग अमोनिया असलेल्या वातावरणात ठेवले होते आणि त्यांचा नाक, कान, श्वासनलिका व फुप्फुसे यांचा आजार स्वच्छ हवेतील उंदरांपेक्षा अधिक बळावलेला आढळला. येणारा वास म्हणजे स्वच्छता कमी पडते आहे याची सूचना असते. सुगंधाने ती सूचना तुमच्या नाकापुरती बंद होते, अमोनिया मात्र होता तिथेच राहतो.

उपाय साधा आहे, पण तो नियमाने करावा लागतो. हॅमस्टर सहसा एकच कोपरा लघवीसाठी ठरवतो, त्या कोपऱ्यातले ओले अंथरूण रोज काढा. संपूर्ण टाकी धुण्याची वेळ येईल तेव्हा सगळे अंथरूण एकदम बदलू नका. कोरडे आणि स्वच्छ असलेले थोडे जुने अंथरूण नव्यात मिसळा. हे प्राणी वासाच्या खुणांनी आपली जागा ओळखतात आणि सगळ्या खुणा एकदम पुसल्या गेल्या की बेचैन होऊन पुन्हा जोमाने खुणा करू लागतात, त्यामुळे घासूनपुसून लख्ख केलेल्या पिंजऱ्याला लवकर वास येऊ लागतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. फ्रेशनरचा उग्र सुगंधही त्यांच्या या जगात ढवळाढवळ करतो. माणसात गंध ओळखणारी सुमारे ४०० कार्यक्षम जनुके असतात, उंदरात ती हजाराहून अधिक असतात. आपल्याला मंद वाटणारा वास त्याला दिवसरात्र किती दाट वाटत असेल, याचा विचार करावा.

टाकीचे झाकण जाळीचे नसेल तर ते बदला, कारण काचेच्या भिंतींमध्ये हवा कोंडते. देवदाराचा आणि न वाळवलेल्या पाइनचा सुगंधी भुसा अंथरू नका. त्याच्या वासातली द्रव्ये श्वसनमार्गाला झोंबतात आणि अशा भुशावर ठेवलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांच्या यकृतातील विकरांचे प्रमाण बदलते, हे १९६७ पासून ठाऊक आहे. कागदाचे किंवा अ‍ॅस्पेन लाकडाचे, धूळ झाडलेले आणि बिनसुगंधी अंथरूण चांगले. ‘ताजा सुवास’ असे पाकिटावर छापलेले अंथरूण तर मुळीच घेऊ नये.

एक धोका मुद्दाम सांगतो. लघवीचे डाग असलेल्या टाकीत थेट ब्लीच ओतू नका, कारण ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन वायू तयार होतात आणि ते माणसाच्याही फुप्फुसांना इजा करतात. आधी प्राण्याला दुसऱ्या खोलीत हलवा, गरम पाणी आणि बिनसुगंधी साबणाने टाकी धुऊन घ्या, लघवीचा पांढरा थर चिकटलेला असेल तर पातळ व्हिनेगरने तो सोडवा, पाण्याने खळखळून धुवा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच अंथरूण घाला. व्हिनेगर आणि ब्लीच तर एकमेकांच्या जवळही येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न : लॅव्हेंडरच्या तेलाने प्राणी शांत होतात असे वाचले. आमचा गिनीपिग भित्रा आहे. त्याच्याजवळ डिफ्यूझर लावला तर चालेल का?

उत्तर : लावू नका. लॅव्हेंडरच्या वासाने उंदरांची भीती कमी झाल्याचे काही प्रयोग आहेत, हे खरे. परंतु त्या प्रयोगांत मोजून दिलेली मात्रा थोड्या वेळापुरती दिलेली असते आणि घरातला डिफ्यूझर तासन्‌तास चालतो. शिवाय अल्ट्रासॉनिक डिफ्यूझर तेलाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडवतो. ते थेंब गिनीपिगच्या केसांवर, गवतावर आणि अंथरुणावर बसतात आणि अंग चाटताना व गवत खाताना त्याच्या पोटात जातात. निलगिरी, पुदिना आणि विशेषतः टी ट्री यांची तेले याहून धोक्याची आहेत. गिनीपिगच्या श्वासनलिकांभोवती स्नायूंचे वेष्टन दाट असते आणि चिथावणी मिळाली की त्या झपाट्याने आकुंचन पावतात. दम्याच्या संशोधनात हा प्राणी इतकी वर्षे वापरला गेला आहे तो त्यामुळेच. त्याची भीती घालवायची असेल तर लपायला दोन तोंडांचे घर द्या, जमल्यास त्याच्याच जातीची सोबत द्या आणि उचलून घेण्याची घाई करू नका. वेळ लागेल, पण भीती कमी होईल ती अशानेच.

प्रश्न : मी सिगारेट फक्त घराबाहेर जाऊन ओढतो. तेवढे पुरेसे आहे ना?

उत्तर : घरात ओढण्यापेक्षा हे पुष्कळ बरे, पण पुरेसे नाही. धुरातली निकोटीनयुक्त पुटे हातांवर, केसांवर आणि कपड्यांवर बसतात. तुम्ही त्याच हातांनी उंदराला उचलले की ती त्याच्या केसांवर जातात आणि तो दिवसातून अनेकदा अंग चाटून साफ करणारा प्राणी असल्यामुळे ती गिळतो. आत आल्यावर हात साबणाने धुवा आणि त्याला खांद्यावर बसवण्यापूर्वी सदरा बदला. हवा शुद्ध करणारे यंत्र घेण्याचा विचार असेल तर हेपा गाळणी आणि सक्रिय कोळसा असलेले घ्या. ओझोन सोडणारी यंत्रे टाळा, कारण ओझोन स्वतःच फुप्फुसांना झोंबतो.

प्रश्न : पिंजरा कपड्यांच्या कपाटाला लागून आहे आणि कपाटात डांबरगोळ्या आहेत. रात्री त्या खोलीत डासांची कॉइलही जळते. यातले काय हलवावे?

उत्तर : पिंजरा हलवा आणि तोही आजच. नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्या सावकाश वाफ होऊन हवेत मिसळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन वर्षे ही वाफ हुंगलेल्या उंदरांच्या नाकात गाठी आढळल्या होत्या. कॉइलबाबत सांगायचे तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. खिडक्यांना जाळी बसवणे आणि माणसांनी मच्छरदाणी वापरणे हा सगळ्यांच्याच फुप्फुसांसाठी सोयीचा मार्ग आहे.

प्रश्न : नॉनस्टिक भांड्यांचा धूर फक्त पक्ष्यांना मारतो ना?

उत्तर : पक्षी सर्वांत नाजूक, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे हा लेप विघटित होऊ लागतो. त्यातून निघणाऱ्या धुराने माणसाला ताप भरतो आणि प्रयोगशाळेत उंदरांच्या फुप्फुसांनाही गंभीर इजा झाल्याचे दिसले आहे. रिकामे भांडे आचेवर विसरू नये आणि पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये.

प्रश्न : शेजारच्या खोलीला गेल्या आठवड्यात रंग दिला. तेव्हापासून आमचा उंदीर शिंकतो आहे आणि त्याच्या नाकाभोवती व डोळ्यांच्या कडांना लाल डाग दिसतात. हे रक्त आहे का? रंगाचा वास गेला की बरे वाटेल का?

उत्तर : ते बहुधा रक्त नाही. उंदराच्या डोळ्यांमागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते आणि तिच्या स्रावात पोर्फिरिन हे लालसर रंगद्रव्य असते. आजारपणात किंवा ताण आला की हा स्राव वाढतो आणि धडधाकट उंदीर पंजांनी जो स्राव लगेच पुसून टाकतो तो आजारी उंदराच्या चेहऱ्यावर तसाच वाळतो. ओल्या कापसाने टिपून पाहिले तर हा डाग बहुधा गुलाबी-तांबूस होऊन विरघळतो. रक्त नाही म्हणून काळजीचे कारण नाही, असे मात्र समजू नका.

पिंजरा रंगाच्या वासापासून दूर, मोकळ्या हवेच्या पण झोत न येणाऱ्या खोलीत न्या आणि रंग पूर्ण सुकून वास संपेपर्यंत तिथेच ठेवा. मात्र वास गेल्यावर शिंका आपोआप थांबतील या भरवशावर थांबू नका, कारण रंगाच्या वाफेने चुरचुरलेल्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा एकदा बळावला की त्याला प्रतिजैविक लागते आणि ते पशुवैद्यानेच ठरवायचे असते. माणसांसाठीचे सर्दीचे औषध किंवा चोळायचे मलम चुकूनही वापरू नका. शिंका दोनतीन दिवसांत कमी झाल्या नाहीत, कानाशी धरल्यावर छातीत घरघर किंवा टिकटिक ऐकू आली, वजन घटले किंवा केस फिसकारून तो कोपऱ्यात बसून राहिला तर लगेच दाखवा. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जाणे, मान वर ताणणे किंवा तोंड उघडून श्वास घेणे यांपैकी काहीही दिसले तर तासाभराचाही उशीर नको. अशा वेळी त्याला बळेच काही भरवू नका, उबदार आणि शांत ठेवा आणि ऑक्सिजनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.

तपासणीच्या टेबलावर उंदीर भीतीने स्तब्ध होतो आणि घरी ऐकू येणारा आवाज तिथे येईलच असे नाही. म्हणून घरीच त्याच्या श्वासाची छोटी चित्रफीत काढून ठेवा. तिच्यावरून मिनिटाला किती श्वास होतात हे मोजता येते. रंगाच्या डब्यावरच्या घटकांचे छायाचित्र आणि रंगकामाची तारीखही पशुवैद्याला सांगा.