थेंबभर नव्हे, पेरभर

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. सहा महिन्यांची असल्यापासून तिला एक्झिमा आहे. गुडघ्यांच्या मागे, कोपरांच्या आतल्या घडीत आणि मनगटांवर दर थोड्या दिवसांनी तो उसळतो. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलंय, पण मला त्याची फार धास्ती वाटते. त्वचा पातळ होते, सवय लागते, असं जो तो सांगतो. म्हणून मी अगदी थेंबभर लावते आणि लाली उतरली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बंद करते. आठवड्याभरात पुन्हा तेच. रात्री ती इतकी खाजवते की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. घरातले म्हणतात, रोज अंघोळ घालू नकोस. कुणीतरी सुचवलं म्हणून दूध आणि अंडंही बंद केलंय. आम्ही दोघं रात्ररात्र जागतो. घरी नेमकं काय करायचं?

उत्तर : मलमापासूनच सुरुवात करते. एक्झिमा पुन्हा पुन्हा येतोय असं तुम्हाला वाटतंय. तुमच्या वर्णनावरून मला मात्र वाटतं, की तो दर वेळी पुरता जातच नाहीये. लाली सगळ्यात आधी उतरते. आतली सूज मागाहून, सावकाश ओसरते. त्या मधल्या दिवसांत मलम थांबलं, की राखेखालचा निखारा तसाच राहतो आणि घाम, लोकरीचा कपडा किंवा साधी सर्दी एवढ्या निमित्तानेही तो पुन्हा फुलतो.

म्हणून मलम कधी थांबवायचं हे डोळ्यांनी नाही, बोटांनी ठरवा. डोळे मिटून गुडघ्यामागच्या घडीवरून बोटं फिरवा, मग शेजारच्या निरोगी त्वचेवरून फिरवा. घडीतली त्वचा खरबरीत किंवा जाडसर लागत असेल तर उपचार अजून चालू ठेवायचा. दोन्हीकडे सारखंच मऊ लागलं आणि खाज थांबली, की त्यानंतर आणखी दोन दिवस लावायचं आणि मग थांबायचं. सावळ्या त्वचेवर तर लालीवर विसंबूच नये, कारण तिथे एक्झिमा लाल न दिसता करडा, जांभळट किंवा नुसता काळसर दिसतो.

आता किती लावायचं ते. ट्यूब दाबून मलमाची रेघ तुमच्या तर्जनीवर काढा, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत. ही मोठ्या माणसाची एक पेरभर रेघ, साधारण अर्धा ग्रॅम. तुमचे दोन तळहात बोटांसकट जेवढी जागा झाकतील, तेवढ्या त्वचेला ती पुरते. हे माप १९९१ साली ठरवलं गेलं आणि आजही जगभर तेच वापरतात. तुमच्या मुलीच्या गुडघ्यांमागचे दोन्ही पट्टे मिळून तुमच्या दोन तळहातांएवढे भरत असतील, तर तिथे एक पेर लागेल. कोपरांना आणि मनगटांना तसंच मोजून. मी पालकांना वापरात असलेली ट्यूब सोबत आणायला सांगते आणि माझ्यासमोर लावायला लावते. बहुतेकांचा हात टोकावरच्या ठिपक्याशीच थांबतो आणि तेवढ्या ठिपक्यात ते दोन्ही पाय उरकतात. पंधरा ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशी तीस पेरं असतात. दर थोड्या दिवसांनी उसळणाऱ्या एक्झिमात तीच ट्यूब वर्षभर पुरत असेल, तर औषध कमी पडतंय हे नक्की.

स्टेरॉइडची भीती मी उडवून लावणार नाही. तीव्र मलम चेहऱ्यावर, लंगोटाच्या जागी किंवा महिनोन् महिने एकाच ठिकाणी लावलं तर त्वचा खरोखर पातळ होते. पण स्टेरॉइड हे एकच औषध नाही. सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र असे त्याचे चार वर्ग आहेत. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य, आणि मुलांच्या चेहऱ्यावर सहसा तेवढंच देतात. तुमच्याकडे कोणत्या वर्गाचं आहे, शरीराच्या कोणत्या भागासाठी आहे आणि दिवसातून किती वेळा लावायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडून ट्यूबवर पेनने लिहून घ्या. २०२२ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र करून तपासल्या, तेव्हा त्वचा पातळ झाल्याची नोंद सुमारे १ टक्का लोकांत सापडली आणि त्यातले बहुतेक अतितीव्र मलमं वापरणारे होते. ठरलेल्या वर्गाचं मलम, ठरलेल्या जागी, पुरेसं आणि उसळी पुरती शमेपर्यंत लावणं, यात तुमच्या मुलीला धोका कमी आहे. वर्षभर रोज रात्री खाजवून त्वचा फाडून घेण्यात तो कितीतरी जास्त आहे. एक मात्र पाळा. बुरशीचं, जंतूंचं आणि स्टेरॉइडचं औषध एकत्र केलेलं मलम कुणाच्या सांगण्यावरून आणू नका. त्यातलं स्टेरॉइड अनेकदा तीव्र वर्गाचं असतं आणि ते पाकिटावरच्या बारीक अक्षरांत दडलेलं असतं.

एवढं करूनही त्याच जागी पुन्हा पुन्हा उसळत असेल, तर त्वचा मऊ झाल्यानंतरही आठवड्यातून दोन दिवस त्या ठरावीक जागांवर मलम लावत राहण्याची पद्धत आहे. तिने उसळ्या कमी होतात, हे चाचण्यांत दिसलंय. पुढच्या भेटीत डॉक्टरांना याबद्दल नक्की विचारा. दोन वर्षांवरच्या मुलांसाठी टॅक्रोलिमससारखी स्टेरॉइड नसलेली मलमंही आहेत, खासकरून पापण्या आणि मानेसाठी.

अंघोळ रोज घालायला हरकत नाही. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं, साबणाऐवजी सुगंध नसलेलं सौम्य क्लीन्झर. टॉवेलने पुसताना घासू नका, नुसतं टिपून घ्या आणि अंग थोडं ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. अंघोळीने त्वचा कोरडी पडते ती अंघोळीनंतर काहीच न लावल्यामुळे. मलम आधी की मॉइश्चरायझर आधी, यावर डोकं शिणवू नका. कोणतंही आधी लावा, मध्ये पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या.

रात्रीचं दुखणं मला कळतं. दिवसभर लक्ष वेधून घेणारं काही ना काही असतं, रात्री अंथरुणाची ऊब आणि शांतता मिळून खाजच तेवढी उरते. मॉइश्चरायझर झोपण्याच्या अगदी तोंडावर न लावता तासभर आधी लावा, म्हणजे चिकट अंगाने तिला पांघरुणात शिरावं लागणार नाही. खोली थंडसर ठेवा, पांघरूण हलकं आणि सुती. नखं दर तीन-चार दिवसांनी कापा आणि कडा घासून बोथट करा, कापलेल्या नखाची ताजी कड जास्त ओरखडते. मध्यरात्री उठून खाजवायला लागली, तर थंड पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं त्या जागी दोन-चार मिनिटं धरा आणि वर पुन्हा मॉइश्चरायझर लावा. त्यासाठी एक वाटी आणि फडकं उशाशीच तयार ठेवा. ‘खाजवू नकोस’ असं सारखं म्हणू नका, त्या वयात ते जमत नाही आणि नुसती रडारड वाढते. त्याऐवजी हातात काहीतरी द्या, किंवा खाजतंय तिथे तळहाताने दाबून धरायला शिकवा. खाजेसाठी म्हणून मिळणारी अ‍ॅलर्जीची सिरपं एक्झिमाच्या खाजेवर फारशी चालत नाहीत. त्यातली काही मुलाला फक्त गुंगी आणतात. ती मनाने देऊ नका.

दूध आणि अंड्याबद्दल मला खरी काळजी वाटतेय. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, उलट्या होणं, असं काही झालं असेल तर तो पदार्थ संशयित. तसं काहीच नसताना नुसत्या एक्झिमासाठी पदार्थ तोडल्याने सहसा फायदा होत नाही, उलट वाढत्या मुलीचं पोषण कमी पडतं. आणि जो पदार्थ ती आतापर्यंत बिनतक्रार खात होती, तो बराच काळ बंद राहिला तर शरीराची सहनशक्ती जाऊन खरीखुरी अ‍ॅलर्जी तयार होऊ शकते. म्हणून आता स्वतःच्या मनाने पुन्हा सुरूही करू नका. बंद करून किती दिवस झाले ते डॉक्टरांना सांगा आणि कसं सुरू करायचं ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायलाच हवं. त्वचेतून पाणी झिरपायला लागलं, मधासारखी पिवळी खपली धरली, ती जागा गरम आणि दुखरी झाली, तर जंतुसंसर्ग असू शकतो. एक-दोन दिवसांत दाखवा. पण एकाच आकाराचे बारीक फोड, किंवा टोचा मारल्यासारख्या खोलगट जखमा झपाट्याने पसरायला लागल्या, त्या खाजण्यापेक्षा दुखत असतील, मूल तापाने मलूल झालं असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. हा हर्पिसचा विषाणू असू शकतो. त्यावर औषध आहे, पण ते लगेच सुरू व्हावं लागतं, आणि डोळ्यांजवळ असेल तर दृष्टीचा प्रश्न असतो. ओठावर हर्पिसचा फोड आलेल्या मोठ्या माणसाने अशा मुलाचा पापा घेऊ नये, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

शेवटी तुमच्या दोघांसाठी. ही त्वचा तुमच्या हयगयीमुळे अशी झालेली नाही. त्वचेचा वरचा थर घट्ट धरून ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन असतं. एक्झिमा असलेल्या बऱ्याच मुलांत ते जन्मतःच कमी बनतं, हे २००६ साली जनुकांच्या अभ्यासातून कळलं. अशा त्वचेतून पाणी पटकन उडून जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. बहुतेक मुलांचा एक्झिमा वाढत्या वयाबरोबर सौम्य होत जातो. तोवर रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या, एका रात्री एकानेच उठायचं.

प्रश्न : माझा मुलगा दहा महिन्यांचा आहे, त्यालाही एक्झिमा आहे. लोशन, क्रीम, जेल, ऑइंटमेंट यांपैकी सर्वात चांगलं कोणतं? अंघोळीच्या पाण्यात घालायचं औषधी तेलही घ्यावं का?

उत्तर : या दोन्ही प्रश्नांची चांगली उत्तरं आता आपल्याकडे आहेत. ब्रिटनमध्ये एक्झिमा असलेल्या ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट यांची तुलना झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत एकही प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. त्यामुळे जे लावताना मुलगा रडत नाही आणि जे तुम्हाला रोज भरपूर लावणं परवडेल, तेच घ्या. अट एकच, सुगंध नको. आणि भरपूर म्हणजे खरोखर भरपूर. त्वचा कोरडी असलेल्या लहान मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमपर्यंत, कधी त्याहूनही जास्त लागतं. पाण्यात घालायच्या तेलाने नेहमीच्या उपचारात काही भर पडत नाही, हे २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. शिवाय त्याने टब निसरडा होतो आणि ओलं बाळ हातातून सटकतं. ते पैसे मॉइश्चरायझरवरच खर्च करा.

डब्यातून घेताना बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर जंतू आत जाऊन वाढतात. केसांच्या दिशेने, वरून खाली हात फिरवा. उलटसुलट चोळलं तर केसांच्या मुळांशी पुळ्या येतात. आणखी एक, जे कमी जण सांगतात : मॉइश्चरायझर मुरलेले कपडे आणि चादरी आग चटकन धरतात. धुतल्यावरही अंश उरतो. बाळाला आणि त्याच्या कपड्यांना ज्योतीपासून, पेटत्या सिगारेटपासून लांब ठेवा.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा आहे. एक्झिमा बरा झाला, पण गालांवर आणि दंडांवर फिकट चट्टे राहिलेत. मलमाने कोड तर नाही ना आलं? सुनेने घाबरून मलम थांबवलंय.

उत्तर : तुम्ही लिहिताय त्यावरून हे कोड वाटत नाही. सुजेमुळे त्या जागी रंगद्रव्य काही काळ कमी बनतं. क्वचित तीव्र स्टेरॉइडनेही रंग उतरतो, पण बहुतेक वेळा कारण एक्झिमा स्वतःच असतो आणि मलम टाळल्याने चट्टे उलट वाढतात. असे चट्टे फिकट असतात, त्यांच्या कडा आजूबाजूच्या त्वचेत विरून जातात आणि वर कधी बारीक कोंडा असतो. ऊन लागून भोवतालची त्वचा सावळी झाली की ते जास्त उठून दिसतात, म्हणून बाहेर जाताना टोपी आणि सनस्क्रीन वापरा. मॉइश्चरायझर चालू ठेवा. एक्झिमा पुन्हा उसळला तर डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायला सुनेला निश्चिंतपणे सांगा. रंग परत यायला काही महिने लागतात. चट्टा खडूसारखा पांढराशुभ्र असेल, त्याची कड रेखीव असेल किंवा त्यावरचे केस पांढरे झाले असतील, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.