११ मिमी खडा, खालचा कप्पा: होल्मियम की थुलियम?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांच्या डाव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात ११ मिमीचा खडा, प्लेन सीटीत १२५० एचयू (खडा किती घट्ट आहे याचं माप). वाशीचे डॉक्टर दुर्बिणीतून होल्मियम लेसरने खडा फोडू म्हणतात, घोडबंदरला थुलियम लेसर सांगितलंय आणि तिथलं पॅकेज बरंच जास्त आहे. तर जास्तीचे पैसे मोजावेत का?

नुसत्या लेसरच्या नावासाठी मोजू नका. पण खडा खालच्या कप्प्यात आहे, त्यामुळे फरक अगदीच नगण्य नाही.

होल्मियमची तरंगलांबी सुमारे २१०० नॅनोमीटर, थुलियमची १९४०. १९४० वर पाणी किरण जवळपास चौपट शोषतं. त्यामुळे थुलियम कमी ऊर्जेच्या पण भराभर ठोक्यांनी खडा खरवडतो आणि भुगा बारीक पडतो. होल्मियमचा ठोका दणकट, खडा मागे उडतो. मोझेससारखं पल्स मॉड्युलेशन (ठोक्याचा आकार बदलण्याचं तंत्र) असलेल्या होल्मियममध्ये हा धक्का बराच कमी असतो, म्हणून वाशीत मशीन कोणतं आहे ते आधी विचारा.

आता खालचा कप्पा. तिथे पोचायला स्कोप (लघवीच्या वाटेने आत जाणारी लवचीक दुर्बीण) जवळजवळ उलटा वळवावा लागतो आणि आत फायबर (लेसरचा किरण नेणारी बारीक तार) असली की तो कमी वळतो. होल्मियमची फायबर साधारण २०० मायक्रॉनपासून पुढे, थुलियमची १५० पर्यंत मिळते. बारीक फायबरने स्कोप जास्त वळतो, शिवाय त्याच नळीतून जाणाऱ्या सलाईनलाही वाट राहते. होल्मियमवाले सर्जन जमलं तर खडा बास्केटने (खडा पकडायच्या बारीक तारांच्या जाळीने) वरच्या कप्प्यात आणून फोडतात. ही पद्धत चांगलीच आहे. फायबर मात्र स्कोप सरळ असतानाच घालायची. वळलेल्या स्कोपमध्ये रेटली तर आतली नळी फाटते आणि दुरुस्तीचा खर्च मोठा.

थुलियमची खरी गोम उष्णता. एका ठोक्याची ऊर्जा (ज्यूल) गुणिले सेकंदाला ठोके (हर्ट्झ) म्हणजे वॉट: ०.३ ज्यूल, २० हर्ट्झ म्हणजे ६ वॉट, ०.१ ज्यूल, १५० हर्ट्झ म्हणजे १५. हर्ट्झ वाढवत नेले आणि सलाईनचा प्रवाह मंद असला की आतलं पाणी ४३ अंशांच्या वर जातं आणि आतल्या आवरणाला इजा होते. उलट सलाईन जोरात सोडलं तर किडनीतला दाब वाढतो, जंतू रक्तात जाऊ शकतात. म्हणून ॲक्सेस शीथ (स्कोप ज्यातून आत जातो आणि पाणी बाहेर येतं ती नळी), शक्यतो सक्शनवाली, म्हणजे पाणी ओढून घेणारी, वापरणार का हे विचारा. माझ्या मते लेसरच्या नावापेक्षा हा प्रश्न मोलाचा.

अभ्यासांचं म्हणाल तर नॉर्वेतल्या २०२२ च्या १२० रुग्णांच्या चाचणीत थुलियमने ९२ टक्के, साध्या होल्मियमने ६७ टक्के रुग्ण खडामुक्त झाले. पण मोझेसवाल्या होल्मियमशी तुलना केली तेव्हा असा ठळक फरक दिसला नाही.

थुलियमचं मशीन हवेने थंड होतं, साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतं. मोठ्या वॉटच्या होल्मियमला वेगळी जड लाइन लागते. हॉस्पिटलची ही सोय तुमच्या बिलात का यावी, हे खुशाल विचारा. एस्टिमेटमध्ये फायबर, शीथ, स्कोप आणि डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत काही दिवस ठेवतात ती मऊ नळी) वेगवेगळे लिहून घ्या. स्टेंट काढण्याचा खर्च पॅकेजमध्ये नसतो असं बरेचदा होतं.

ऑपरेशनआधी युरिन कल्चर हवंच. जंतू निघाले तर आधी अँटिबायोटिक, मग तारीख. कॅशलेस मंजूर झालंय म्हणून घाई करायची नाही. घरी आल्यावर लघवी लालसर दिसणं, कमरेत ओढ लागणं हे स्टेंटमुळे होतं. थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठा. स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. महिनोन्महिने विसरला तर त्यावरच खडे चढतात. आणि निघालेला तुकडा टाकून देऊ नका, तपासणीला पाठवा.