निलगिरी चिरून घ्यायची की बल्लीवाल्याला देऊन टाकायची?

तुमचा प्रश्न वाचला. सिमरोलकडच्या शेताच्या बांधावर आजोबांनी लावलेल्या १४ निलगिरी आहेत, तीसेक वर्षांच्या, बल्लीवाला (बांधकामाच्या टेकूला लागणारे गोल लाकडी खांब विकणारा) ठेकेदार उभ्या झाडांचा उक्ता भाव देऊन राह्यलाय, आणि तुम्ही नेटवर वाचलंत की युकॅलिप्टस (म्हणजे निलगिरीच) हार्डवुड असतं, ऑस्ट्रेलियात त्याच्या महागड्या फ्लोरिंग करतात, तर मग नव्या घराच्या चौकटी याच्याच का करू नये. मी इंदौरात लाकडाच्या धंद्यात तीस वर्षं काढलीत, आता दुकान मुलगा बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर, चौकटी करू नका. पण सगळी झाडं बल्लीच्या भावातही देऊ नका.

पहिलं म्हणजे 'हार्डवुड' हा शब्द फसवा आहे. रुंद पानांचं, फुलं येणारं झाड म्हणजे हार्डवुड, देवदार-चीड म्हणजे सॉफ्टवुड, एवढाच त्याचा अर्थ. ते खेळण्यातल्या विमानांचं बाल्सा असतं ना, नखाने दाबलं तर खड्डा पडतो, तेही हार्डवुडच. निलगिरीच्या सातशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑस्ट्रेलियातलं आयर्नबार्क सुकल्यावरही घनमीटरला ११०० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे पाण्यात टाकलं तर दगडासारखं तळाला, तर तिथलंच माउंटन अ‍ॅश, जे १०० मीटरपर्यंत उंच जातं, ते ६८० च्या जवळपास, आपल्या सागवानाच्या (६५०) शेजारी. मधे जॅरा आणि कॅरी या आणखी दोन ऑस्ट्रेलियन जाती, ८२० आणि ९००. ही जॅरा-कॅरी इतकी टिकाऊ की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या रस्त्यांवर त्यांचे ठोकळे फरशीसारखे बसवले होते, आणि जॅराचे स्लीपर जहाजाने आपल्याकडच्या रेल्वेसाठी पण यायचे.

पण ती जॅरा शंभर-दोनशे वर्षांची जंगली झाडं, तुमच्या बांधावरची आहे ती बहुतेक मैसूर गम. टिपू सुलतानाने १७९० च्या सुमारास बंगळूरजवळ नंदी टेकडीवर बी लावलं, तिथून पसरलेली ही जात, टेरेटिकॉर्निस म्हणतात तिला. भराभर वाढते, आणि हे भराभर वाढणंच सुताराच्या जिवावर उठतं.

कसं ते सांगतो. निलगिरीच्या खोडात बाहेरचं लाकूड लांबीच्या दिशेने ताणलेलं असतं आणि गाभा दाबलेला. झाड उभं आहे तोवर दोघांची कुस्ती बरोबरीत. तोडलं की सुटली. ओंडका रात्री अंगणात पडलेला असताना टक्, टक् आवाज येतात, सकाळी बघावं तर दोन्ही तोंडांवर गाभ्यातून निघालेल्या चांदणीसारख्या चिरा. आरा मशीनवर पहिली फळी निघते ना, ती ब्लेडपासून लांब पळते, धनुष्यासारखी वाकते, आणि उरलेला ओंडका उलट्या बाजूला वाकतो. आमच्या मिस्त्रीच्या हातात म्हणून कायम पाचर असायची, ब्लेड लाकडात अडकू नये म्हणून, आणि तो दर फळीला एक शिवी द्यायचा, इथे लिहिता येणार नाही अशी.

आता माझी फजिती. १९९६ साली बहिणीच्या घराला राजेंद्र नगरात मी स्वतः निलगिरीच्या चौकटी लावल्या, स्वस्त पडत होत्या आणि मला वाटलं आपल्याला सगळं कळतं. ज्याच्याकडून चिरून आणलं तो म्हणाला एकदम सुखी है भिया, मी वरून हात लावला, कोरडं लागलं, विश्वास ठेवला. फेब्रुवारीत बसवल्या, मे महिन्यातली लू सुरू झाली आणि चौकटींनी पीळ खाल्ला, एका दाराच्या वरच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट, खाली दार घासतंय. जुलैत फुगल्यावर कडी भोकासमोर येईना. एक चौकट काढून रंधा मारला तर आतला छिलका दमट, हाताला गार लागत होता. मेहुणे आजही पोह्यांच्या प्लेटसमोर टोमणा मारतात की तुझ्या चौकटींचं हवामान खातं बरोबर सांगायचं.

म्हणजे कडक नाहीये ही तक्रारच नाही, कडक भरपूर आहे, हलतं ही तक्रार आहे. सगळंच लाकूड सुकताना आकसतं आणि वर्षांच्या गोल रेघांच्या दिशेला गाभ्याकडच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट, पण निलगिरीत एकूणच आकसणं जास्त, त्यात रेषा पिळलेल्या, आणि घाईने सुकवलं तर आतल्या पेशी चक्क चपट्या होतात, फळीवर धुतलेल्या कपड्यासारख्या लाटा उठतात. ऑस्ट्रेलियातल्या गिरण्या अशा फळ्यांना वाफ देऊन पेशी परत फुगवतात. आपल्याकडे कोण देणार वाफ.

तर तुम्ही काय करा. आधी झाड कोणतं ते नक्की करा, पान चुरगाळून वास घ्या. लिंबाचा वास आला तर ती सिट्रिओडोरा, तिचं लाकूड जास्त जड, कुदळ-फावड्याच्या दांड्यांना फार छान, ती एखादी असली तर बल्लीवाल्याला अजिबात देऊ नका. नुसता विक्स-बामसारखा वास आला तर मैसूर गम समजून पुढे चला.

तोडणी आत्ता मार्चमध्ये करू नका. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात करा, म्हणजे सुकणं थंडीत हळूहळू सुरू होतं. तोडल्याच्या दिवशीच दोन्ही तोंडांना घरात पडलेला जुना ऑइल पेंट जाड थापा, मेण पातळ करून लावलं तरी चालेल, कारण पाणी सगळ्यात लवकर तोंडातूनच उडतं आणि चीर तिथूनच धावते. मग ओंडके पडू देऊ नका, आठवड्याच्या आत आऱ्यावर न्या. मिस्त्रीला सांगा की एका बाजूने सरळ खात जाऊ नको, एक फळी इकडून, ओंडका फिरव, एक तिकडून, ताण दोन्हीकडून सारखा सुटू दे. गाभ्याचा मधला चार इंची चौकोन बाजूला काढा, तो भुसभुशीत आणि तडकलेला असतो, सरळ चुलीत. फळी हवी त्यापेक्षा अर्धा इंच जाड काढा.

सुकवताना सावलीत, शेडमध्ये, जमिनीपासून फूटभर वर, दर दोन फुटांवर एकाच जाडीच्या पट्ट्या एकावर एक सरळ ओळीत, आणि वर चांगलं वजन, आम्ही फरशीचे तुकडे ठेवायचो. पहिले दोन-तीन महिने बाजूंनी पोती लटकवा, वारा थेट लागू देऊ नका. इंचाला एक वर्ष हा जुना हिशोब निलगिरीला तर पाळाच, एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिने बघितला पाहिजे. ओलावा मोजायचं मीटर घ्या, १२ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय सुताराला बोलवू नका. हात लावून बघू नका, माझं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

अशा सुकलेल्या फळीचं बाक, ओट्याखालचे कप्पे, जाड टेबलटॉप, शेतातल्या शेडच्या कैच्या, फाटक, हे सगळं उत्तम होतं. रंग गुलाबीसर तपकिरी, तेल मारलं की फार सुरेख दिसतं. खिळा मात्र गिरमिटने भोक पाडल्याशिवाय ठोकू नका, फुटेल, आणि साधा लोखंडी खिळा ओल लागली की भोवती शाईसारखा काळा डाग सोडतो, म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा.

जमिनीत गाडायचे खांब करणार असाल तर बाहेरचा फिका भाग वाळवी दोन पावसाळ्यांत खाते आपल्या काळ्या मातीत. गंमत अशी की प्रेशरने औषध मारून आणलं तर तोच फिका भाग औषध पितो, आतला लाल भाग पीतच नाही, म्हणून चिरलेल्या खांबापेक्षा सोललेली गोल बल्ली जास्त टिकते. बोरॅक्सचं पाणी घरातल्या कामाला ठीक, बाहेर पावसात धुऊन जातं.

आता भाव. ठेकेदाराला उक्तं देऊ नका, मोजून द्या. आपल्याकडे गोलाईचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. गोलाई ४ फूट, ओंडका १० फूट, तर १ गुणिले १ गुणिले १०, झाले १० घनफूट. खरं गणित केलं तर त्या ओंडक्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असतं, फरक सालीचा नि चिराईतल्या घटीचा म्हणून घेणाऱ्याला सोडायची रीत आहे. ती सोडा, पण त्यावर परत 'साल का काटो' म्हणाला तर हसून नाही म्हणा.

मी तुमच्या जागी असतो तर बुंध्याकडचे ८-१० फूट स्वतःसाठी चिरले असते, मधला सरळ भाग सेंटरिंगच्या बल्लीला आणि शेंडा-फांद्या जळाऊ म्हणून दिल्या असत्या. आणि बुंधा जमिनीलगत, तिरका आणि स्वच्छ कापायला सांगा, साल फाटू न देता, त्यातून पुन्हा धुमारे येतात, एका बुंध्यावर दोनच ठेवले की सहा-सात वर्षांत परत बल्ली तयार. विहिरीच्या जवळची असतील तर मात्र ते धुमारे मारा, निलगिरी पाणी ओढते हे खोटं नाही.

चौकटींना सागवान परवडत नसेल तर सालवृक्षाचं लाकूड घ्या, तेही सुकलेलं. आणि १४ पैकी छातीच्या उंचीवर ४ फुटांच्या वर गोलाईची किती आहेत ते सुतळीने मोजून इथे टाका, पानाच्या वासाचंही लिहा, मग कोणती चिरायची ते सांगतो.