लेकीला पोस्टडॉकची ऑफर आली आहे, जाऊ द्यावं का?

प्रश्न: माझी मुलगी पुण्यातल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेतून प्रोटिऑमिक्समध्ये (प्रथिनांच्या अभ्यासात) पीएचडी झाली. वय २९. आता नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठातून दोन वर्षांच्या पोस्टडॉकची ऑफर आली आहे. विषय ‘प्रथिनांचं मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग’. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. पीएचडीनंतरही शिकतच राहायचं का? आणि परत आल्यावर इथे पुढे काय? होकार द्यावा का?
– एक वडील, कराड

उत्तर: गुरुजी, नमस्कार.

पोस्टडॉकला परीक्षा नाही, फी नाही, शेवटी पदवीही नाही. ती मुदतीची नोकरी असते. नेदरलँड्समध्ये तर अगदी रीतसर: विद्यापीठांच्या सामूहिक वेतनकराराप्रमाणे पगार, वर ८ टक्के सुट्टीभत्ता, वर्षअखेरीला ८.३ टक्के बोनस, शिवाय पेन्शनची कपात. नातेवाइकांनी विचारलं तर ‘नोकरीला लागली’ असंच सांगा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतील. होकार अर्थातच तिचा तिने द्यायचा आहे. पण सही करण्याआधी तिने काय विचारून घ्यावं, ते सांगतो.

त्यासाठी कामाचं स्वरूप थोडं समजून घ्या. ऊतीत (टिश्यूत) एखादं प्रथिन नेमकं कुठे आहे, हे पॅथॉलॉजीत त्याच प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी लावून बघतात. म्हणजे काय शोधायचं ते आधी ठाऊक लागतं. मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणं. तिच्या इमेजिंगमध्ये ऊतीच्या पातळ कापावर ओळीने एकेका ठिपक्यावर लेसर मारतात, तिथून सुटलेल्या रेणूंचं वस्तुमान मोजतात आणि त्या आकड्यांवरून नकाशा काढतात. अमेरिकेत ह्यूस्टनला टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या रिचर्ड कॅप्रिओली यांच्या गटाने १९९७ मध्ये पेप्टाइड (प्रथिनांसारख्याच छोट्या साखळ्या) आणि प्रथिनांसाठी ही पद्धत मांडली. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला या कामाचं मोठं केंद्र आहे.

ऐकायला छान वाटतं, पण रोजचं काम चिकाटीचं आहे. उणे २० अंशांच्या आसपास ठेवलेल्या क्रायोस्टॅटमध्ये (थंड कापणी यंत्रात) गोठवलेल्या ऊतीचा १०-१२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा काप घ्यायचा. तो कडेने गुंडाळतो, फाटतो, ब्रशने हलकेच सरळ करून विद्युतवाहक लेप दिलेल्या काचेवर घ्यावा लागतो. मग अल्कोहोलने धुऊन चरबी आणि क्षार काढायचे, कारण ते राहिले तर प्रथिनांचा सिग्नल दबतो. त्यावर मॅट्रिक्सचा, म्हणजे लेसर शोषून रेणू सुटायला मदत करणाऱ्या रसायनाचा, बारीक फवारा. फवारा ओला झाला तर प्रथिनं जागची हलतात आणि नकाशा खोटा येतो. कोरडा झाला तर प्रथिनं बाहेरच येत नाहीत. त्यानंतर लेसर. एक सेंटिमीटर लांब-रुंद काप ५० मायक्रॉनच्या अंतराने घेतला तर ४०,००० ठिपके होतात, १० मायक्रॉनने घेतला तर दहा लाख. सेकंदाला दहा ठिपके धरले तर पहिला नमुना तासाभरात उरकतो, दुसऱ्याला सव्वा दिवसाच्या आसपास लागतो. आताची यंत्रं याहून बरीच वेगवान आहेत, पण डेटा तेवढाच साचतो आणि खरी डोकेफोड तिथेच असते.

आता मुद्द्याचं. या क्षेत्रातले बरेच गट प्रत्यक्षात लिपिड (चरबीचे रेणू) आणि छोटे रेणू बघतात, कारण ते सहज दिसतात. अखंड प्रथिनं या पद्धतीने बघायची तर साधारण २०-३० किलोडाल्टनच्या (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) पुढे सिग्नल पडत जातो. म्हणून कापावरच ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं एन्झाइम) घालून प्रथिनांचे तुकडे करतात. पण नुसत्या वस्तुमानावरून तो तुकडा कोणत्या प्रथिनाचा, हे खात्रीने सांगता येत नाही. शेजारच्या कापावर एलसी-एमएस (मिश्रणातले घटक आधी वेगळे करून मग वस्तुमान मोजण्याची पद्धत) करून ओळख पटवावी लागते. तेव्हा तिने प्रोफेसरांना स्पष्ट विचारावं, ‘प्रथिनं म्हणजे नेमकी कशी? अखंड, तुकडे करून, की अँटिबॉडीला वस्तुमानाची खूण लावून?’ शेवटच्या प्रकारात पुन्हा आधी ठाऊक असलेलीच प्रथिनं दिसतात. तो प्रकल्प वाईट नाही, पण वेगळा आहे.

दुसरं, ती स्वतःचा प्रश्न घेऊन काम करणार, की हॉस्पिटलांतून येणारे नमुने यंत्रावर चढवत बसणार? मोठ्या केंद्रांत हुशार पोस्टडॉक नकळत ऑपरेटर होतो आणि दोन वर्षांनी त्याच्या नावावर बाराव्या क्रमांकाच्या लेखकाचे चार पेपर असतात. पहिल्या लेखकाचा पेपर कोणत्या कामावर निघेल, हे आधीच बोलून घ्यावं. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात कुणालाच काही नाही.

परतीचं म्हणाल, तर माझी खरी काळजी इथे आहे. इमेजिंगची महागडी यंत्रं भारतात मोजक्याच ठिकाणी आहेत. फक्त इमेजिंग शिकून आली तर नोकरी यंत्राच्या मागे शोधत फिरावी लागेल. पुणे, हैदराबाद, बेंगळुरूच्या बायोसिमिलर (मूळ जैविक औषधांसारखी औषधं) बनवणाऱ्या कंपन्यांना प्रथिनांची मास स्पेक्ट्रोमेट्री जाणणारी माणसं लागतात, इमेजिंगवाली क्वचित. म्हणून पीएचडीत कमावलेला एलसी-एमएसचा हात तिथे सुटू देऊ नये आणि आर किंवा पायथॉन या संगणकीय भाषांमध्ये डेटा स्वतः हाताळायला शिकावं. ते कौशल्य कुठल्याही गावात चालतं.

सरकारी संशोधन संस्थांत वयाचं गणित आहे. सीएसआयआरच्या (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या) सायंटिस्ट पदाची मर्यादा सर्वसाधारण गटाला ३२ आहे, आणि ती परतेल तेव्हा ३१ ची असेल. उलट आयआयटीत ग्रेड-१ सहायक प्राध्यापकासाठी पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव मागतात, म्हणजे दोन वर्षं अपुरी. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही. कोणती वाट धरायची हे तिने पहिल्या वर्षातच ठरवावं. पहिली असेल तर तिथूनच अर्ज सुरू करावेत, दुसरी असेल तर तिसऱ्या वर्षाची मुदतवाढ शक्य आहे का, हे आत्ताच विचारावं.

या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तर तिने जावं, असं माझं मत. प्रोफेसर गुळमुळीत बोलले तर त्याच गटातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्या पोस्टडॉकला तिने फोन करावा, तिथे खरं कळतं. त्याच फोनवर घरांचंही विचारून घ्यावं. तिकडे भाड्याचं घर मिळणं फार अवघड झालं आहे, तेव्हा विद्यापीठ पहिल्या काही महिन्यांची सोय करतं का, हे ऑफर लेटरसोबत लेखी घेतलेलं बरं.