टाइल्सचे ट्रक, गल्लीतली कमान आणि एनए ऑर्डर

प्रश्न : जळगावात आमची अठरा बंगल्यांची कॉलनी आहे. कोपऱ्यावर बारा वर्षांपासून टाइल्सचं दुकान आहे, त्याचा कधी त्रास नव्हता. दोन वर्षांपूर्वी मालकानं मागच्या प्लॉटवर पत्र्याचं शेड टाकून होलसेल गोडाऊन सुरू केलं. मोरबीहून बारा-चौदा चाकी ट्रक रात्री दोन-तीनला येतात, गल्लीत उलटे घेतात, उजाडेपर्यंत माल उतरतो. गटारीवरची झाकणं फुटली. गेल्या महिन्यात एका ट्रकनं माझ्या कंपाउंडची भिंत पाडली. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली आणि ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ म्हणून पाठवलं. मालक म्हणतो, ‘रस्ता सरकारी आहे आणि मी तुमच्या आधीपासून इथे आहे.’ आता आम्ही वर्गणी काढून गल्लीच्या तोंडाशी लोखंडी कमान बसवतोय. चालेल ना? – एक निवृत्त एसटी कर्मचारी

उत्तर : वेल्डरला आगाऊ पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर त्याला थांबायला सांगा.

रस्ता सार्वजनिक असेल तर त्यावर परवानगीशिवाय कमान उभारणारे तुम्ही अठरा जणच अडथळा करणारे ठरता. भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ त्यासाठीच आहे, दंड ५,००० रुपयांपर्यंत. दंडाचं एक वेळ सोडा. उद्या अग्निशमनचा बंब त्या कमानीखाली अडला तर गोडाऊनवाला बाजूला राहील आणि तुमची नावं पुढे येतील. कमान हवीच असेल तर ती महापालिकेनं बसवायची, तुम्ही फक्त अर्ज करायचा. गल्लीत कार आडव्या लावून ट्रक अडवायचा बेतही कोणाच्या डोक्यात असेल, तर तोही काढून टाका. माणसाला त्याच्या वाटेवर बेकायदा अडवणं हा कलम १२६ खाली गुन्हा आहे, आणि ट्रकवाल्याचा वकील पहिलं तेच कलम काढेल.

तुमच्या पत्रात सगळा राग ट्रकवर आहे. पण ट्रक रोज बदलतो. आज गुजरातची पाटी, उद्या राजस्थानची. ड्रायव्हर बिचारा पावतीवर सही घेऊन निघून जातो. शेड मात्र तिथंच असतं. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर ट्रकच्या मागे न लागता शेडचे कागद काढले असते.

पहिला कागद त्या प्लॉटची एनए ऑर्डर. त्यात जमीन कोणत्या वापरासाठी अकृषिक केली ते लिहिलेलं असतं, खाली अटी असतात. ‘निवासी’ लिहिलं असेल आणि तिथं घाऊक गोदाम चालत असेल, तर तुमची बाजू एका ओळीत निम्मी उभी राहते. दुसरा, मंजूर लेआउट. रस्ता किती मीटरचा आणि कोणाचा हे त्यावरून कळेल. जुन्या लेआउटमधले अंतर्गत रस्ते कित्येकदा सातबाऱ्यावर मूळ जमीनमालकाच्याच नावावर राहिलेले असतात, तेव्हा ‘रस्ता सरकारी आहे’ हे गोडाऊनवाल्याचं वाक्यही तपासून घ्या. तिसरा, शेडची बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि माल साठवण्याचा परवाना घेतला असेल तर तो. माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची. ‘गोडाऊनची सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. प्लॉट नंबर, गट नंबर टाकून एकेक कागदाची प्रत मागा.

परवानगी नसेल, किंवा परवानगी दुकानाची आणि वापर गोदामाचा असेल, तर महापालिकेच्या नगररचना विभागाकडे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ आणि ५३ खाली तक्रार द्या. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

‘मी आधीपासून इथे आहे’ या बोलण्याला तुम्ही सगळे दबलेले दिसता. दुकान आधीचं, गोदाम नंतरचं. तुमच्याच पत्रात तसं आहे. आणि समजा गोदामही आधीचं असतं, तरी सार्वजनिक उपद्रव कितीही जुना झाला म्हणून कायदेशीर होत नाही.

पोलिसांचं ‘सिव्हिल मॅटर’ अर्धंच खरं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३) उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांतसाहेब, परिसरातल्या लोकांच्या आरोग्याला किंवा स्वास्थ्याला बाधक धंदा बंद करण्याचा किंवा नियमात आणण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. समोरच्याला म्हणणं मांडायची संधी मिळते. एकट्याची झोपमोड इथं पुरत नाही, म्हणून अर्जावर अठराही घरांच्या सह्या हव्यात. आजारी म्हातारी माणसं, दहावी-बारावीची मुलं कोणत्या घरात आहेत तेही लिहा. फुटक्या झाकणांबद्दल महापालिका ‘निधी नाही’ म्हणाली तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा रतलाम नगरपालिकेचा निकाल जोडा. तिथं गटारांसाठी पैसे नाहीत ही सबब कोर्टानं मानली नव्हती, आणि प्रकरण याच जुन्या कलम १३३ चं होतं.

रात्रीच्या आवाजाला वेगळे नियम आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल, आणि तातडीच्या प्रसंगाशिवाय हॉर्न वाजवायलाच बंदी. ट्रक आला की ११२ ला फोन करा आणि वहीत तारीख, वेळ, गाडी नंबर टिपा. तुम्ही एसटीत लॉगशीट भरलेली माणसं, तुम्हाला हे शिकवायला नको. क्लीनर मागून पत्रा बडवत ‘आने दे, आने दे’ करतो तो व्हिडिओ काढला असेल तर मूळ मोबाईल जपून ठेवा. कोर्टात त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या क्लिपवर समोरचा वकील तुटून पडतो. गल्लीत जड वाहनांना ठरावीक वेळी बंदी हवी असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, प्रत वाहतूक शाखेला.

भिंतीचं काम यात अडकवू नका, ते आधी उरका. गाडीचा नंबर तुमच्याकडे असेल तर नुकसान त्या ट्रकच्या थर्ड पार्टी विम्यातून मागता येतं, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, घटनेपासून सहा महिन्यांच्या आत. त्यातला एक गेलाच आहे. पंचनामा झाला नसेल तर एनसीचा नंबर घालून तसा लेखी अर्ज द्या, गवंड्याचं लेखी एस्टिमेट घ्या. फोटो काढल्याशिवाय विटा उचलू नका.

एवढं करूनही हललं नाही तर दिवाणी न्यायालयात कायम मनाईचा दावा, सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज आणि जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमण्याची मागणी. कमिशनरनं टेप लावून रस्त्याची रुंदी मोजली आणि ट्रकची लांबी शेजारी लिहिली की बराच युक्तिवाद तिथंच होतो. दाव्यात दुकान बंद करा असं मागू नका. गल्लीत मोठी गाडी नको, उतराई दिवसा आणि छोट्या टेम्पोनं, एवढंच मागा. माझ्या अनुभवात एवढ्यावर समोरचाही तडजोडीला बसतो, कारण गावाबाहेर माल उतरवून टेम्पोनं आणणं त्याला वकिलाच्या फीपेक्षा स्वस्त पडतं.

कमानीची वर्गणी परत वाटू नका. आरटीआय, नकला, स्टॅम्प, टायपिंग यांना ती लागेल.