मोठ्या आवाजाने बधिर झालेला कान सकाळी पूर्ववत होतो, तेव्हा आत नेमके काय घडलेले असते?

आपण जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये काम करता, पाळी सुटल्यावर कान बधिर होऊन आत शिट्टी वाजत राहते आणि सकाळपर्यंत सगळे पूर्ववत होते. तर रात्रीतून कानात काय तुटते व काय जुळते, असे आपण विचारले आहे. नांदेडला मी जीवशास्त्र शिकवतो आणि हा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आंतरकर्णातील कर्णावर्तात, म्हणजे शंखासारख्या वेटोळ्या नळीत, प्रत्येक कानाला सुमारे १५,००० केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात. प्रत्येकीच्या माथ्यावर उतरत्या उंचीच्या सूक्ष्म रोमांच्या रांगा असतात आणि आखूड रोमाच्या टोकापासून शेजारच्या उंच रोमाच्या कडेपर्यंत प्रथिनांचा एक धागा गेलेला असतो, ज्याची लांबी जेमतेम १५० नॅनोमीटर भरते. त्याचा वरचा भाग कॅडहेरिन-२३ चा व खालचा प्रोटोकॅडहेरिन-१५ चा असतो, हे २००७ मध्ये दाखवले गेले. आवाजाने रोम उंच बाजूकडे कलले की धागा ताणला जातो आणि त्याच्या खालच्या टोकाशी असलेली टीएमसी-१ या प्रथिनाची वाहिनी, म्हणजे पेशीचे सूक्ष्म दार, त्या ओढीनेच उघडून पोटॅशियम व कॅल्शियमचे आयन (विद्युतभारित कण) पेशीत शिरतात. डोळ्यात प्रकाश पडल्यावर रासायनिक क्रियांची जशी साखळी चालते, तशी ही वाहिनी उघडायला लागत नाही, आणि मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. बैलाचा कासरा ढिला न सोडता हलका ताणून धरला की थोडी ओढही त्याला कळते. त्याप्रमाणे मायोसिन जातीची प्रथिने हा धागा विश्रांतीतही किंचित ताणलेला ठेवतात.

धाग्याला ताठपणा येतो तो त्यातील कॅल्शियममुळे. प्रयोगात कॅल्शियम काढून घेतले की धागे तुटतात, तसे ते अतितीव्र आवाजानेही तुटू शकतात. उंदरांच्या केशपेशी ते पुन्हा बांधतात. आधी दोन्हीकडे प्रोटोकॅडहेरिनच लावून तात्पुरता धागा तयार होतो आणि पुढे दीड-दोन दिवसांत वरच्या भागात कॅडहेरिन येते. अर्थात आपल्या बधिरपणाचे हे एकमेव कारण नव्हे, कारण केशपेशींखालील चेतातंतूंच्या टोकांना सूजही येते आणि ती ओसरते.

परंतु ऐकू येऊ लागले म्हणजे काहीच बिघडले नाही, असे कृपया समजू नका. उंदरांवरील २००९ च्या एका अभ्यासात श्रवणक्षमता पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत राहिल्या, तरी कर्णावर्ताच्या काही भागांत चेतातंतूंशी असलेले जवळपास निम्मे सिनॅप्स, म्हणजे संदेश पुढे देणारे जोड, कायमचे गेलेले आढळले. मृत केशपेशी तर माणसात पुन्हा उगवतच नाहीत.

म्हणून कामावर इअरप्लग व त्यावर इअरमफ असे दोन्ही वापरा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. आवाजाने होणारी हानी बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास प्रथम दिसते, तेव्हा आलेखात ती जागा डॉक्टरांना मुद्दाम विचारा. ही तपासणी पाळीनंतर लगेच न करता साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, कामावर जाण्याआधी करावी; नाहीतर तात्पुरता बधिरपणा आणि कायमची हानी वेगळी ओळखता येणार नाही.