रक्त बघून हसतो, म्हणजे मुलगा बिघडलाय का?

“भुताचे सिनेमे बघायचा तोवर ठीक होतं हो. आता सुऱ्या काय, करवती काय, नुसतं रक्त! आणि बघताना हसतो.” कोथरूडच्या एका आईची ही तक्रार. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. मार्क बरे, मित्र आहेत, उद्धटपणा वयाला शोभेल इतकाच. रात्री जेवणं उरकली की हॉलमध्येच कानाला हेडफोन लावून बसतो, आणि आई ज्या क्षणी तोंड फिरवते नेमकं त्याच क्षणी त्याला हसू फुटतं. मनातला खरा प्रश्न तिने उठता उठता विचारला : “पुढे जाऊन हा कुणाला काही करणार नाही ना?”

पालकांकडून हा प्रश्न वरचेवर येतो, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर मांडतो आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अशा वेळी मुलगा कोणकोणते सिनेमे बघतो याची यादी मागवून फारसं काही हाती लागत नाही. विचारायचं असतं ते वेगळंच. नको वाटलं तर सिनेमा मधेच बंद करतो का? दुसऱ्या दिवशी झोप, भूक, कॉलेज जागेवर असतं का? हसू नेमकं कुठे येतं? खरा अपघात, खरी मारहाण समोर आली तर काय होतं? आणि सोसायटीतली कुत्री, धाकटं भावंड, कामाला येणाऱ्या मावशी यांच्याशी तो कसा वागतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बाकीच्या सगळ्यांपेक्षा वजनदार. इथे ते स्वच्छ होतं : जिन्याखालच्या मांजरीला रोज दूध घालणारा हाच.

उरलेल्या प्रश्नांसाठी आईला एक काम दिलं. त्याच्यासोबत एक सिनेमा पूर्ण बघायचा, पण पडद्याकडे कमी आणि मुलाकडे जास्त लक्ष ठेवायचं. उपदेश करायचा नाही, “शी!” म्हणायचं नाही.

तिने जे टिपून आणलं ते फार नेमकं होतं. त्याचा अंगठा सारखा आवाजाच्या बटणावर. अंधारा पॅसेज आला की आवाज दोन घरं खाली. “आई, आता येणार बघ,” असं आधीच सांगून टाकायचं. पाय वर घेऊन उशी पोटाशी धरायची. मग धाडकन ते आलं की अंग दचकायचं, आणि हसू त्याच्यानंतर, श्वास सुटताना. सुरा चालतानाही हसू नाही. तो प्रसंग संपला, की मग.

म्हणजे मुलगा वेदनेला हसत नव्हता, सुटकेला हसत होता. दचकल्यावर अड्रेनलिन रक्तात येतं, छाती धडधडते, तळहात घामेजतात. पडद्यावरचा धोका एका क्षणात टळतो, शरीराची धडधड मात्र काही मिनिटं रेंगाळते. ती शिल्लक राहिलेली उत्तेजना मग पुढच्या भावनेला जाऊन मिळते आणि साधी सुटकासुद्धा दुप्पट गोड लागते. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात मांडलेला हा विचार आजही बऱ्याच अंशी उपयोगी पडतो. बऱ्याच अंशी एवढ्यासाठी म्हणायचं, की काही सिनेमांत शेवटपर्यंत सुटका नसतेच, तरी शौकीन खूश होऊन बाहेर पडतात. एदुआर्दो आंद्रादे आणि जोएल कोहेन यांनी 2007मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की भयपटांच्या चाहत्यांना भीती आणि आनंद एकाच वेळी होतो, एकामागून एक नव्हे. त्यातला पुढचा भाग आमच्या कामाचा आहे. ज्यांना भयपट सोसत नाहीत अशांना प्रसंग दाखवताना बाजूला नटांचे फोटो आणि माहिती ठेवली, ‘हा नट आहे’ हे डोळ्यांसमोर राहिलं, तेव्हा त्यांनाही भीतीबरोबर मजा वाटू लागली.

आवाज कमी करणं, उशी धरणं, आधीच सांगून टाकणं हे भित्रेपण नव्हे. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात मॅथियास क्लासन आणि सहकारी यांचा हाच अभ्यास चालतो. भुताटकीच्या खेळघरात (हाँटेड हाउसमध्ये) येणाऱ्यांत त्यांना दोन जाती दिसल्या : भीती वाढवू पाहणारे आणि भीती ताब्यात ठेवू पाहणारे. बाहेर पडताना समाधान दोघांचं सारखंच. 2020च्या त्यांच्या अभ्यासात असंही दिसलं की भीती फार कमी झाली तरी मजा जाते आणि फार झाली तरी जाते; मधल्या पट्ट्यात ती सर्वांत जास्त. या मुलाचा अंगठा तो मधला पट्टा शोधत होता. मिरचीच्या ठेच्याचंही तसंच : जीभ पेटते, डोळ्यांत पाणी येतं, तरी भाकरीचा पुढचा तुकडा त्यातच बुडवायचा, कारण शरीर बोंबलत असलं तरी आपल्याला काही होणार नाही हे मनाला पक्कं ठाऊक असतं. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी तर मिरचीवरच काम करून या वृत्तीला निरुपद्रवी आत्मपीडन ठरवलं.

आपल्याकडे हे कोडं फार जुनं आहे. नाट्यशास्त्राच्या आठ रसांत भयानक आणि बीभत्स दोन्ही आहेत. त्याचे भाष्यकार अभिनवगुप्त यांनी भयानकाचं उदाहरण म्हणून शाकुंतलातलं ते जीव घेऊन पळणारं हरीण घेतलं. ते भय माझं नसतं, शत्रूचं नसतं, अमुक ठिकाणचं नसतं, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. हे आईला सांगितल्यावर तिलाच आठवलं : लहानपणी लाइट गेले की आजोबा ‘काका, मला वाचवा’ रंगवून सांगायचे आणि सगळी भावंडं एकमेकांना चिकटून “अजून, अजून” करायची. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारलं तो खराखुरा खून. मधे दोन-अडीचशे वर्षं आहेत आणि शेजारी आजोबा आहेत, एवढ्यावर त्याची मजा होते.

हा जो सुरक्षिततेचा कोट असतो तो निघाला की काय होतं, हे मुलाशी एकट्याने बोलताना कळलं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हायवेवरच्या अपघाताची क्लिप आली होती. “ती नाही बघवली मला. त्या दिवशी डबा तसाच परत आणला.” आईला हे माहीत नव्हतं. क्लार्क मॅकॉली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना कत्तलखान्याच्या वगैरे खऱ्या फिती दाखवल्या तेव्हा बहुतेकांनी त्या अर्ध्यावरच बंद केल्या. तशाच रक्तपाताच्या सिनेमाला याच वयाची मुलं पैसे मोजून जातात. अपघाताची क्लिप बघवली नाही हे त्या मुलाच्या बाजूने सगळ्यात मोठं प्रमाण. उलट, खऱ्या वेदनेच्या क्लिपा शोधून जमवणारा, पुन्हा पुन्हा लावणारा मुलगा एकही भयपट बघत नसला तरी आम्ही त्याच्याकडे जास्त लक्ष देऊ.

हिंसेच्या सिनेमांबद्दल एक गोष्ट वेगळी बघावी लागते : टाळी कुणाच्या बाजूने पडते. बहुसंख्य प्रेक्षकांना फटका आवडतो तो खलनायकाला बसलेला. तिथे मजा न्यायाची असते. दुबळ्याचे हाल तेवढे आवडत असतील तर गोष्ट निराळी. ‘पुढे काही करणार नाही ना’ याचं उत्तर द्यायचं तर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020मध्ये हिंसक व्हिडिओ गेमबद्दल घेतलेली भूमिका धोरण म्हणून बरी आहे : आरडाओरड, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी थोडा संबंध दिसतो, पण तो ओढून गंभीर हिंसेपर्यंत नेण्याइतका पुरावा नाही.

या घरात सिनेमाचा त्रास होत होता, पण तो धाकटीला. ती आठ वर्षांची, तिसरीतली. हॉलमध्येच झोपायची आणि पांघरुणाच्या फटीतून बघायची. हेडफोनमुळे आवाज नाही, गोष्ट कळत नाही, दिसतात ते नुसते सुटे चेहरे. बाकीचं तिचं डोकं रचायचं. एकटीने बाथरूमला जाणं बंद झालं होतं, सकाळी पोट दुखायचं. आईने ते शाळेच्या खाती टाकलं होतं. हे हलक्यात घेऊ नये. क्रिस्टन हॅरिसन आणि जोआन कँटर यांनी 1999मध्ये 153 विद्यार्थ्यांचे अनुभव तपासले, तेव्हा सुमारे 90 टक्क्यांना लहानपणी किंवा किशोरवयात पडद्यावरचं काहीतरी जिव्हारी लागलेलं आठवत होतं, आणि जवळजवळ चौघांतल्या एकाची धास्ती अजून पुरती गेली नव्हती.

“अगं, खोटं असतं ते” हे सात वर्षांच्या आत कामच करत नाही. आठव्या वर्षी दिवसा पटतं, रात्री पटत नाही. रोज पलंगाखाली टॉर्च मारून दाखवणं ही तर हमखास होणारी चूक. शोधतोय म्हणजे तिथे काहीतरी असू शकतं, एवढंच मूल त्यातून शिकतं. आईच्या कुशीत कायमचं झोपवण्याचाही तोटाच, कारण भीती ओसरते हा अनुभव मग येतच नाही.

इथे केलं ते असं. दिवसाउजेडी, दुपारच्या खाऊनंतर दहा-पंधरा मिनिटं, तिला तो चेहरा कागदावर काढायला सांगितला आणि भीतीच्या स्वप्नाचा शेवट तिच्या मनाने बदलायला लावला. तिने त्या चेहऱ्याला दात घासायला लावले. बदललेला शेवट रोज एकदा मोठ्याने सांगायचा, झोपायच्या वेळी मात्र विषय काढायचा नाही. रात्री आई आधी पलंगावर, दोन-तीन रात्रींनी खुर्चीत, मग दाराशी. घाई केली की हे फसतं. रड झाली तर एकच पायरी मागे यायचं, पहिल्यापासून सुरू करायचं नाही.

सगळ्यात उपयोगी पडला तो भाऊच. त्याने स्वयंपाकघरात तिला सिनेमातलं रक्त करून दाखवलं : अर्धी वाटी घट्ट, गार झालेला साखरेचा पाक, पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोअर, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. कोको नसेल तर ते रोझ सरबतासारखं गुलाबी दिसतं. कोकोने काळपट येतं आणि खरं वाटतं. तिने ते त्याच्या मनगटाला फासलं, वर कापसाचा बोळा, आणि आईला हाक मारली. कपड्यांवर सांडू देऊ नये, डाग जात नाही.

मुलापुरते नियम थोडेच ठेवले. सिनेमा हॉलमध्ये नाही, धाकटी जागी असताना नाही. झोपायच्या किमान तासभर आधी संपवायचा, कारण या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि धडधडतं शरीर अंथरुणात लोळत पडतं. फोन रात्री बाहेर चार्जिंगला. घरच्या ओटीटीवर धाकटीचं प्रोफाइल वेगळं करून 7+च्या वर कुलूप लावलं. बंदी घालायची नाही हे आईला पटवायला वेळ लागला; बंदी आली की तेच सिनेमे मित्राच्या खोलीवर, रात्री दोन वाजता, आवाज कमी करायची लाज वाटेल अशा संगतीत बघितले जातात.

महिनाभर झोप उडालेली, दिवसा नको असताना दृश्यं डोळ्यांसमोर येणं, प्राण्यांना इजा करणं, किंवा स्वतः हिंसा सोसलेली असताना असले सिनेमे थांबवताच न येणं, यातलं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. टेली-मानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आईचा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा होता : मित्रांबरोबर थिएटरला पाठवू का? यूए 16+ असेल तर तुमच्या परवानगीने जाऊ द्या. ‘ए’ असेल तर अठरा पूर्ण होईपर्यंत नाही, तुम्ही सोबत असलात तरी नाही; दारावर ओळखपत्र मागितलं तर भांडू नका.